लेक आखेनला, मिक्सर पोलंडचा

नागपूरच्या धरमपेठेत बसून मी लेकीची तक्रार निस्तरली. ती जर्मनीत आखेनला शिकते, मिक्सर मागवला पोलंडच्या ऑनलाइन दुकानातून. आधी तारीख पाहा. माल हाती आल्यापासून १४ दिवसांत, कारण न देता, 'नको' कळवता येतं; २०११ च्या निर्देशामुळे (म्हणजे संघाने सगळ्या सदस्य देशांना घालून दिलेल्या नियमामुळे) हे युरोपीय संघात सगळीकडे सारखंच. त्यानंतर बिघडला, तर कायदेशीर हमी, म्हणजे सदोष मालाची दुकानदारावरची जबाबदारी, किमान २ वर्षं. स्वीडन, स्पेनमध्ये ३. म्हणजे कायदे अजून पुरते जुळले नाहीतच! पहिल्या वर्षात दोष मुळातलाच धरतात, सिद्ध करायची कटकट ग्राहकाला नाही. दुकानदाराला लेखीच कळवा. फोनवर गोड बोलून आमच्या पोरीला महिनाभर झुलवलं ना! तरी ऐकलं नाही, तर राहत्या देशातल्या युरोपियन कंझ्युमर सेंटरकडे (परदेशी दुकानाशी वाद झाला तर ग्राहकाला मदत करणारं केंद्र) अर्ज करायला सांगा. फुकट आहे.