परसातली शेगडी: भाजायला आणि धुरी द्यायलाही

आमचं घर मांद्र्याला, समुद्राच्या वाऱ्यावर. खाऱ्या हवेत रंग दिलेला साधा लोखंडी पत्रा लवकर गंजतो, म्हणून शेगडी बघताना मी आधी पत्रा बघते. आतून-बाहेरून इनॅमल हवं, जाळी ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची.

बांगडेही भाजायचेत आणि डुकराचं मांस धुरावर सावकाश शिजवायचंय, तर झाकण असलेली गोल कोळशाची शेगडी, म्हणजे केटल ग्रिल, घ्या. व्यास साधारण ५७ सेंटिमीटर. लहान शेगडीत निखारे एका बाजूला आणि मांस दुसऱ्या बाजूला ठेवायला जागाच उरत नाही, आणि धुरीचं सगळं तंत्र त्या अंतरावर आहे. हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा वर-खाली दोन्हीकडे हव्यात. वरची उघडी ठेवून खालच्या झडपेनं ११० ते १२० अंश सेल्सिअस आच सांभाळायची. दुकानातच झाकण लावून फिरवून बघा. फट दिसली तर ती शेगडी नकोच. तिथून हवा शिरली की निखारे भडकतात.

टोचून बघायचा तापमापक वेगळा घ्या. कोंबडी आतून ७४ अंशांना पोचायला हवी.

सिरॅमिकची कामाडो, म्हणजे जाड भिंतींची अंड्याच्या आकाराची कोळशाची शेगडी, उष्णता तासन्‌तास धरते, पण जड आणि महाग. गॅसची मला पटत नाही.

कोळसा करवंट्यांचा, धुराला पेरूचं सुकं लाकूड. काजूबियांची टरफलं मात्र कधीच जाळू नका, त्यांच्या तेलाचा धूर फार झोंबतो. राख दर वेळी काढा. दमट राखेनं तळ खराब होतो.