अपुऱ्या नकाशावर वायरिंगचे कोटेशन देताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात घराचे किंवा छोट्या कारखान्याचे वायरिंग करून घेणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा आर्किटेक्टचा मजल्याचा नकाशा तेवढा असतो. त्यात भिंती, दारे, खिडक्या व्यवस्थित असतात. विजेच्या नावाने काही दिव्यांची आणि पंख्यांची चिन्हे असतात आणि उरलेले सारे कंत्राटदाराच्या समजुतीवर सोडलेले असते. अशा नकाशावर दर देणे टाळता येत नाही, कारण पूर्ण नकाशाची वाट पाहत बसले तर काम दुसऱ्याकडे जाते. मात्र कागदावर जे नाही ते कामातही नाही, असे मनाशी धरून ठोक रक्कम सांगणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

ती मी स्वतः केली आहे. अनगोळमधील एका बंगल्याच्या नकाशात प्रत्येक बेडरूमला दोन दिवे, एक पंखा आणि एक प्लग एवढेच होते. तेवढेच मोजून मी आकडा दिला. गिलावा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी मालक म्हणाले, "एसीचे पॉइंट तिन्ही खोल्यांना आहेतच की, आणि बोअरची मोटार तर असतेच." त्यांच्या मनात काही खोट नव्हती, आपल्याकडे बोअर नाही असे घर विरळाच, त्यामुळे वेगळे सांगावे असे त्यांना वाटलेच नव्हते. डीबीपासून, म्हणजे सगळी सर्किटे जिथून निघतात त्या वितरण पेटीपासून, प्रत्येक एसीपर्यंत सरासरी 15 मीटर अंतर होते. फेज आणि न्यूट्रल मिळून एका खोलीला 30 मीटर, म्हणजे तीन खोल्यांना 4 चौरस मिलिमीटरच्या वायरीची 90 मीटरची अख्खी कॉईल लागली. अर्थची वायर, तीन स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारे स्विच), मोठी डीबी, मोटारीचा स्टार्टर, अंगणातून जमिनीखाली नेलेली केबल आणि पाइपासाठी भिंतीत पुन्हा झिऱ्या मारण्याची मजुरी हे सारे त्यावर आले. माझ्या कागदावर "एसी व बोअर वगळून" हे चार शब्द असते, तर आम्हा दोघांनाही त्या दिवशी शांतपणे बोलता आले असते.

उंची विसरू नका

नकाशावर पट्टी ठेवून मोजलेली लांबी आडवी असते. छत 10 फुटांवर आणि स्विचबोर्ड 4 फुटांवर असेल, तर प्रत्येक बोर्डासाठी 6 फूट पाइप खाली उतरतो. 12 बोर्ड असलेल्या घरात हा नुसता उतार 72 फूट, म्हणजे सुमारे 22 मीटर होतो आणि प्रत्येक पाइपात सरासरी 6 वायरी धरल्या तर 130 मीटरच्या आसपास वायर जाते. ही जवळजवळ दीड कॉईल नकाशात कुठेच दिसत नाही. म्हणून छताची उंची आणि फॉल्स सीलिंग आहे की नाही, हे आधी विचारावे.

सर्किटचेही तसेच आहे. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर 10 पेक्षा जास्त पॉइंट किंवा 800 वॅटपेक्षा जास्त भार घेऊ नये, असा आपल्याकडचा प्रचलित नियम आहे. नकाशात सर्किटे दाखवलेली नसली, तरी 38 पॉइंट मोजले की किमान चार सर्किटे धरूनच डीबी निवडली पाहिजे.

पॉइंटप्रमाणे दर ठरवला की धोका संपला, असे अनेक जण मानतात. पण "पॉइंट" म्हणजे काय हे लिहिलेले नसेल, तर त्यावरूनच वाद होतो. जिन्यातला टू-वे, म्हणजे वरून आणि खालून दोन्हीकडून लागणारा दिवा एक पॉइंट की दोन? मॉड्युलर प्लेट कोणाची? एका पॉइंटला किती मीटर वायर धरली आहे? तांब्याचा भाव हलत असल्यामुळे दर किती दिवसांपुरता आहे, हेही त्याच कागदावर यावे.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या शेडच्या नकाशात मशीनची जागा असते, पण अश्वशक्ती क्वचितच असते. 10 एचपीची मोटार 415 व्होल्टवर साधारण 14 अँपिअर घेते आणि थेट सुरू केली तर क्षणभर त्याच्या सहापट ओढते. सुरू होताना हा ओढा कमी ठेवणारा स्टार-डेल्टा स्टार्टर लावायचा ठरला, तर मोटारीपर्यंत 3 ऐवजी 6 वायरी न्याव्या लागतात. त्यामुळे मशीनवरच्या प्लेटचा फोटो मागितल्याशिवाय दर देऊ नये. हेस्कॉम या इथल्या वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घेण्याचा खर्च कोणाचा, हे तेव्हाच विचारून घ्यावे.

अर्थिंगबद्दल नकाशात फार तर "2 अर्थ पिट" एवढे असते. खानापूरच्या जांभ्या जमिनीत आणि पूर्वेकडच्या काळ्या मातीत एकच हिशेब चालत नाही. जांभा उन्हाळ्यात कोरडा पडला की रोध वाढतो आणि जमिनीत एखादा जादा इलेक्ट्रोड (अर्थिंगची नळी किंवा पट्टी) घालावा लागतो. जागा पाहून, माती हातात घेऊनच हा दर ठरवावा.

काम शिनोळीला असेल, तर ते चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येते. तिथे वीज महावितरणची असते आणि कंत्राटदाराचा परवाना राज्य सरकार देत असल्यामुळे आपला कर्नाटकातला परवाना तिथे चालेल, असे गृहीत धरू नये.

चूक आधीच झाली असेल तर

जादा काम आधी करून शेवटच्या बिलात दाखवण्याचा मोह टाळावा. मालकाला तो आकडा नवा असतो आणि संशय तिथूनच सुरू होतो. फरक लक्षात आला त्याच दिवशी पॉइंट, लांबी आणि रक्कम लिहून द्यावी आणि सही मिळेपर्यंत तेवढा भाग थांबवावा. स्लॅबच्या बाबतीत तर मी आता आदल्या संध्याकाळी मालकांना सेंट्रिंगवर घेऊन जातो, प्रत्येक फॅनबॉक्सभोवती (पंखा टांगण्यासाठी स्लॅबमध्ये बसवलेल्या डब्याभोवती) खडूने गोल काढतो, फोटो घेतो आणि नकाशाच्या त्याच प्रतीवर तारीख घालून दोघांच्या सह्या करतो.