घरच्या राउटरला संगणकाने कसं हलवायचं: आधी एकच मोटार टेबलावर

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या पडवीत एक छोटा राउटर, म्हणजे फिरत्या कटरने लाकूड कापणारं यंत्र, आहे. गणपतीच्या मखरासाठी एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) कापायला म्हणून तो जुळवला. सांगाडा मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला भंगारात मिळालेल्या गजांचा आणि पट्ट्यांचा. हातचाकं फिरवून तो छान सरकायचा. खरी दमछाक झाली ती संगणक जोडताना, आणि त्यातली निम्मी माझ्या घाईमुळे. म्हणून ज्या क्रमाने मी आज हे काम करीन तोच क्रम इथे देतो.

नियंत्रणासाठी आर्डुइनो उनो हा छोटा बोर्ड आणि त्यावर जीआरबीएल हे मोफत फर्मवेअर, म्हणजे बोर्डावर चढवायचा प्रोग्राम, घ्या. घरात पॅरलल पोर्टचा जुना पीसी असेल तर लिनक्ससीएनसी हा संगणकावरचा नियंत्रण प्रोग्रामही उत्तम, पण यूएसबीचं पॅरलल कन्व्हर्टर त्याला चालत नाही, त्या फंदात पडू नका. पहिल्या यंत्राला मी तरी जीआरबीएलच सुचवीन. जीआरबीएलची लायब्ररी आर्डुइनोच्या प्रोग्राममध्ये घाला आणि त्यातलं अपलोडचं उदाहरण बोर्डावर चढवा. मग संगणकावर युनिव्हर्सल जी-कोड सेंडर (यंत्राला जी-कोड, म्हणजे हालचालीच्या आज्ञा, पाठवणारा प्रोग्राम) उघडून ११५२०० बॉड रेटने, म्हणजे त्या संवादवेगाने, जोडा. डॉलरचं चिन्ह दोनदा टाइप करून एंटर दाबलं की सेटिंगांची यादी उतरते. ती वहीत उतरवून ठेवा.

आता एकच मोटार टेबलावर घ्या, यंत्राला लावू नका. चार वायरींमध्ये जोड्या ओळखायला मीटरसुद्धा लागत नाही: कोणत्याही दोन वायरी एकमेकींना टेकवा आणि शाफ्ट बोटांनी फिरवा. शाफ्ट जड झाला की ती एक जोडी. ड्रायव्हरवरचे (मोटारीला वीज देणाऱ्या सर्किटवरचे) छोटे स्विच वीज बंद करूनच बदला. करंट मोटारीच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा वर नेऊ नका. आणि वीज चालू असताना मोटारीची वायर कधीही उपसू नका. मी एकदा उपसली. ड्रायव्हर गेला, फट् आवाजसुद्धा झाला नाही. एसएमपीएस म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याच्या २३० व्होल्टच्या बाजूला झाकण हवं आणि सांगाड्याला अर्थिंग हवंच.

मोटार फिरली की गणित. साधी स्टेपर मोटार (टप्प्याटप्प्याने फिरणारी) १.८ अंशांची असते, म्हणजे एका फेऱ्याला २०० स्टेप. ड्रायव्हर ८ मायक्रोस्टेपवर असेल, म्हणजे एका स्टेपचे ८ भाग करत असेल, तर १६००. स्क्रू एका फेऱ्यात किती पुढे जातो हे दुकानदाराला विचारू नका. ८ मिलिमीटर जाडीचे एकसारखे दिसणारे स्क्रू २, ४ आणि ८ मिलिमीटर लीडचे मिळतात. स्क्रूवर पेनाची खूण करा, दहा पूर्ण फेरे फिरवा आणि नट किती सरकला ते वर्नियरने मोजा. ८० सरकला तर लीड ८, आणि १६०० भागिले ८ म्हणजे मिलिमीटरला २०० स्टेप. हा आकडा एक्ससाठी सेटिंग १००, वायसाठी १०१ आणि झेडसाठी १०२ मध्ये भरा.

वेगाच्या सेटिंगा ११० ते ११२ आणि त्वरणाच्या १२० ते १२२. मिनिटाला ५०० मिलिमीटर आणि त्वरण १० पासून सुरुवात करा. थोडं थोडं वाढवत न्या, मोटार घरघरून जागीच थांबली की त्या आकड्याच्या पाऊणपट ठेवून पुढे व्हा.

दिशेत बहुतेकांचा गोंधळ होतो. जी-कोडमधली दिशा नेहमी कटरची असते. त्यामुळे तुमच्या यंत्रात कटर स्थिर आणि टेबल सरकत असेल, तर एक्स धन सांगितल्यावर टेबल डावीकडे जायला हवं. उलट गेलं तर वायरी न उकलता सेटिंग ३ बदला.

लिमिट स्विच (अक्ष टोकाला पोचल्याचं सांगणारे) नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी जोडलेलेच राहतील असे, जोडा, सेटिंग ५ ला १ द्या आणि हार्ड लिमिट चालू करायला सेटिंग २१ लाही १ द्या. वायर तुटली तरी यंत्र थांबतं. आर्डुइनोवर बसणाऱ्या सीएनसी शील्ड या बोर्डाच्या तिसऱ्या आवृत्तीवर एक जुनाच गोंधळ आहे: जीआरबीएल ०.९ पासून झेडच्या लिमिटची आणि स्पिंडलची (कटर फिरवणाऱ्या मोटारीची) पिन आपसात बदलल्या, पण बोर्डावर छापलेली नावं तशीच राहिली. म्हणून झेडचा स्विच स्पिंडल एनेबल लिहिलेल्या जागी लावा. स्पिंडल सुरू होताच खोटा अलार्म वाजला तर लिमिटच्या वायरी स्पिंडलच्या वायरींपासून दूर न्या. शील्डेड केबल असेल तर तिची जाळी एकाच टोकाला अर्थ करा.

लाल इमर्जन्सी बटण मोटारींच्या आणि स्पिंडलच्या विजेवर लावा. नुसतं सॉफ्टवेअरमधलं स्टॉप बटण कामाचं नाही, कारण नेमका संगणक अडकलेला असतानाच त्याची गरज पडते.

आता मोटारी यंत्राला लावा आणि कटरशिवाय परत येण्याची चाचणी घ्या. टेबलाला डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं माप) टेकवून शून्य करा, अक्षाला १०० मिलिमीटर पुढे पाठवून परत आणा, असं वीस वेळा. काटा शून्यावर आला पाहिजे. माझ्या मखराची कमान शेवटी ३ मिलिमीटर सरकायची. दोन संध्याकाळी मी त्वरणाशी खेळत बसलो होतो, शेवटी निघालं काय, तर कपलिंगचा (मोटार आणि स्क्रू जोडणाऱ्या तुकड्याचा) ग्रब स्क्रू शाफ्टवर घसरत होता. शाफ्टच्या सपाट बाजूवर तो बसवून थ्रेडलॉकरचा (आटे पकडून ठेवणाऱ्या गोंदाचा) थेंब टाकला, बास. काटा दरवेळी सारखाच, पण दिशा बदलल्यावर थोडा मागे राहत असेल तर तो नटमधला प्ले, म्हणजे ढिलाई. जीआरबीएलमध्ये त्याची भरपाई नाही. नट घट्ट करा किंवा अँटी-बॅकलॅश नट लावा.

शेवटी कटरच्या जागी पेन बांधा आणि कागदावर १०० बाय १०० चा चौकोन काढून दोन्ही कर्ण मोजा. १४१.४ भरायला हवेत. एक जास्त आणि एक कमी भरला तर एक्स आणि वाय काटकोनात नाहीत. तिथे सेटिंगांना हात लावू नका, पान्हा घ्या. कर्ण जुळले की पेन काढून कटर लावा, डोळ्यांवर चष्मा चढवा, आणि पहिला तुकडा एमडीएफचा नको, थर्माकोलचा घ्या.