पित्तनलिकेत दुर्बीण घालायची ठरली असेल तर: सोबत जाणाऱ्यासाठी तयारीची यादी

आधी फाइल जमवा, बॅग नंतर भरा. पित्तनलिकेत, म्हणजे यकृतातलं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीत, थेट कॅमेरा घालण्यापर्यंत (याला कोलँजिओस्कोपी म्हणतात) गोष्ट आली, म्हणजे सोनोग्राफी, एमआरसीपी (नलिकेचा एमआरआय) आणि बहुतेकदा एखादी ईआरसीपीही (तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेवर केलेली तपासणी-उपचार) होऊन गेलेली असते. एमआरसीपीचा नुसता कागद पुरत नाही, फिल्म किंवा सीडी हवी. आधी स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) टाकला असेल तर तो कधी टाकला, प्लास्टिकचा की धातूचा, ते डिस्चार्ज कार्डावर शोधून खूण करून ठेवा.

मग डॉक्टरांना एकच प्रश्न नीट विचारा: साध्या ईआरसीपीने भागणार नाही का? ईआरसीपीत नलिका एक्स-रेवर दिसते, आतून नाही. कोलँजिओस्कोपीत साधारण साडेतीन मिलिमीटर जाडीची दुर्बीण मोठ्या दुर्बिणीतून नलिकेत सरकवतात आणि आतलं अस्तर पडद्यावर दिसतं. ती लागते मुख्यतः दोन कामांना. नेहमीच्या जाळीत न मावणारा मोठा खडा डोळ्यांदेखत लेसरने किंवा विजेच्या ठिणगीने फोडायचा असतो, नाहीतर नलिका अरुंद का झाली ते कळत नसतं आणि नेमक्या जागेचा तुकडा तपासायला घ्यायचा असतो. क्वचित स्वादुपिंडाच्या नलिकेतल्या खड्यांसाठीही वापरतात. तुमचं कारण यातलं कुठलं, हे कळल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नका.

खर्चाचं आधी बोला. यातल्या बऱ्याच दुर्बिणी एकदाच वापरायच्या म्हणून बनवलेल्या असतात, त्यामुळे बिल फुगतं. महात्मा फुले योजनेत किंवा मेडिक्लेममध्ये ईआरसीपी बसते म्हणून हेही बसेल असं धरून चालू नका. रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा आणि इस्टिमेट लेखी घ्या.

सगळ्यात जास्त गोंधळ गोळ्यांचा होतो. क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन अशा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि न सांगता चालूही ठेवू नका. हृदयाचे डॉक्टर आणि दुर्बीण घालणारे डॉक्टर यांचं आपसात बोलणं होऊ द्या. ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. साखरेच्या गोळ्या आणि इन्सुलिन उपाशी सकाळी किती घ्यायचं ते विचारून लिहून घ्या. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या काही दिवस आधीच थांबवायला सांगतात. काविळीसाठी गावाकडे झाडपाला घेतला असेल तर तोही सांगा, कुणी रागावलं तरी चालेल. (नलिकेतल्या अडथळ्याने झालेली कावीळ पाल्याने उतरत नाही, वेळ तेवढा जातो.) दारूचंही खरं सांगा. सासऱ्यांसमोर नको वाटत असेल तर डॉक्टरांना बाजूला गाठा. गरोदरपणाची शक्यता आणि औषधांची ॲलर्जी विचारायची वाट पाहू नका.

सुरगाणा, कळवणकडून येणाऱ्यांनी आदल्या रात्रीच नाशिकला मुक्कामी यावं. सकाळी नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत अडकलात तर नंबर जाईल. सहा ते आठ तास पोटात अन्न नको. पाणी कधीपर्यंत चालेल ते भूलतज्ज्ञ सांगतील. दुधाचा चहा म्हणजे अन्नच, आजोबांना घोटभरही देऊ नका. कवळी, मंगळसूत्र, अंगठ्या घरी. आत अँटिबायोटिक देतात, कारण नलिकेत पाणी सोडल्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. स्वादुपिंडाला सूज येऊ नये म्हणून गुदद्वारातून औषधाची वडीही ठेवतात. आधी सांगून ठेवा, म्हणजे म्हातारं माणूस बिचकत नाही.

घरी सोडलं तरी ती रात्र शहरातच काढा. पाठीत जाणारी पोटदुखी, थांबत नसलेली उलटी, थंडी वाजून ताप, काळी शौच यांपैकी काहीही झालं तर ॲसिडिटीची गोळी देऊन पाहू नका, त्याच रुग्णालयात परत जा. मिसळीची आठवण झालीच तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबा.

निघताना दोन गोष्टी लिहून घ्या: तुकड्याचा रिपोर्ट कधी आणि कुणाकडून मिळणार, आणि प्लास्टिकचा स्टेंट टाकला असेल तर काढायची तारीख, सहसा तीन महिन्यांच्या आतली. दुखत नाही म्हणून तो राहून जातो आणि तुंबला की पुन्हा कावीळ, पुन्हा ताप. ती तारीख रुग्णाच्या नव्हे, घरातल्या तरुण माणसाच्या मोबाइलवर अलार्म लावून ठेवा.