खेळ आवरायच्या वेळची रडारड कशी थांबली – माझा अनुभव

माझ्या बालवाडीत २२ पोरं आहेत, साडेतीन-चार वर्षांची. ठोकळे आवरून खाऊसाठी हात धुवायला जायचं म्हटलं की रोज रडारड, ढकलाढकली, मी आपली ओरडतेय. मग मी मोबाईलवर कार्टून लावायला लागले, पोरं चिडीचूप, पण ते बंद केलं की डबल गोंधळ, कारण आता कार्टून सोडायचं हे आणखी एक दुखणं झालं ना! शिवाय डब्ल्यूएचओच्या २०१९ च्या गाईडलाईनमध्ये ३-४ वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन दिवसाला १ तासापेक्षा जास्त नको असं आहे, आणि तो घरीच संपतो.

मग स्क्रीन काढून फक्त आवाज ठेवला. पोरांकडूनच "ठोकळे टोपलीत, हात नळाखाली" असं तालात म्हणवून घेतलं, मागे टाळ्या, दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग, छोट्या स्पीकरवर. रोज तेच, त्याच वेळेला, दुसऱ्या कशासाठी अजिबात नाही (हे फार महत्त्वाचं, नाहीतर खूण राहत नाही). पाच मिनिटं आधीच सांगून ठेवते, आणि नळाजवळ त्यांचेच हात धुतानाचे फोटो लावलेत.

पहिले चार दिवस काही फरक नाही. पाचव्या दिवशी जो पोरगा रोज एक ठोकळा खिशात लपवायचा तो स्वतःचा आवाज ऐकून थबकला, "बाई, हा मीच!" म्हणाला आणि ठोकळा टोपलीत टाकून आला. आता रेकॉर्डिंग संपायच्या आत रांग लागते. एक पोरगी मोठ्या आवाजाला घाबरते म्हणून आवाज कमीच ठेवते, तिला आधी फोटो दाखवते.