वासराला हगवण लागली? आधी या चुका टाळा

पिणारं वासरू मलूल दिसलं की बहुतेक वेळा मागे हगवणच असते. आणि हगवणीत वासरू जंतूंपेक्षा अंगातलं पाणी संपल्यानेच जास्त मरतं, हे डोक्यात शिरायला मला एक कालवड गमवावी लागली. बारा दिवसांची होती, शेण पिवळं पातळ झालं, कुणीतरी म्हणालं दूध पचत नाहीये बंद करा, केलं बंद. दुसऱ्या दिवशी हगवण कमी झाली म्हणून आम्ही खुश, पण ती कमी झाली कारण पोटात काही उरलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मान कुशीत वळवून पडलेली, तोंडात बोट घातलं तर आतून गार.

त्यामुळे माझ्या मते सगळ्यात मोठी चूक म्हणजे दूध तोडणं. दूध चालूच ठेवा, हवं तर थोडं थोडं जास्त वेळा द्या, आईला लुचत असेल तर लुचू द्या. वर पाणी आणि क्षार वेगळे द्यायचे. ४० किलोच्या वासराच्या अंगातलं वजनाच्या ८ टक्के पाणी गेलं म्हणजे ३ लिटरच्या वर गेलं, ते वाटीभर पाण्याने भरून येत नाही. वासरांसाठीची इलेक्ट्रोलाइट पावडर कोमट पाण्यात, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच मापात, दीड-दोन लिटर एका वेळी, दिवसातून दोनदा तरी. घरात माणसांचं ओआरएस असेल तर तात्पुरतं चालतं. फक्त हे दुधात कालवू नका, काही पावडरींमुळे पोटात दूध नीट साकळत नाही, दोनेक तासांचं अंतर ठेवा.

पाणी किती गेलंय ते कळायला मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची. लगेच बसली तर ठीक, दोन सेकंदांपेक्षा जास्त उभी राहिली तर पाणी कमी पडलंय. डोळे खोल गेलेत का, तोंडात बोट दिल्यावर चोखतंय का तेही बघा. चोखत नाही, उठत नाही, मग घरचे उपाय बास, सलाईन शिरेतूनच लागणार, डॉक्टरला त्याच वेळी बोलवा, संध्याकाळपर्यंत बघू असं नको.

आता पाजायची पद्धत. मान वर ताणून बाटली घशात रिकामी करायची ही सवय फार वाईट, पाणी फुफ्फुसात जातं आणि हगवणीतून वाचलेलं वासरू न्यूमोनियाने जातं. तोंड कासेला लुचताना असतं तेवढंच वर, निपलची बाटली, ठसका लागला की थांबायचं.

उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या देण्याचा मोह पण सगळ्यांनाच होतो. रोटाव्हायरस किंवा क्रिप्टो (क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा आतड्यातला सूक्ष्म परजीवी) असेल तर त्यांचा उपयोग शून्य, उलट पोटातले चांगले जंतू मरतात. माणसांच्या हगवण थांबवायच्या गोळ्या तर अजिबात नको, घाण आतच राहते. शेणात रक्त, १०३.५ फॅरनहाइटच्या वर ताप किंवा सुजलेली, दुखरी नाळ असेल तर औषध लागेल, पण कोणतं ते डॉक्टर ठरवेल. आणि ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका बरं का, थर्मामीटर १०० च्या खाली दाखवत असेल तर ते जास्त वाईट. अशा गार वासराला आधी कोरडं गवत, पोतं, बल्ब लावून ऊब द्या, मग पाजा.

दोन-तीन आठवड्यांचं वासरू असेल तर जंत विसरू नका, गोल जंताची पिल्लं आईच्या दुधातूनच येतात, रेडकांमध्ये तर हमखास. पण ताण आलेल्या, पडलेल्या वासराला त्याच दिवशी जंताचं औषध देऊ नये, आधी उभं राहू दे.

पुढच्या वेतासाठी एकच सांगतो, चीक. जार पडायची वाट बघत बसू नका, पहिल्या दोन तासांत पोटभर द्या, दिवसभरात वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास जायला हवा. २४ तासांनंतर त्यातली प्रतिकारशक्ती आतड्यातून रक्तात जातच नाही.

आजारी वासरू बाकीच्यांपासून लांब बांधा, त्याचं सगळं शेवटी करा आणि हात साबणाने धुवा. क्रिप्टो माणसांनाही होतो, मला झालाय, चार दिवस मीच ओआरएसवर होतो.