डबक्याला वळसा घालू नका: सार्वजनिक जमिनीवर गाडी नेताना या चुका टाळा

आधी एका शब्दाचा घोळ मिटवूया. ऑफ-रोड म्हणजे डांबर सोडायचं, वाट सोडायची नाही. पंधरा वर्षं मी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी, चालवतोय, नवख्यांचे गट घेऊन जातोय. या काळात रानात, कुरणात, वाळूत जेवढी नासधूस पाहिली, तिच्यातली फार थोडी मुद्दाम धुडगूस घालणाऱ्यांनी केलेली होती. बाकीची चांगल्या, निसर्गावर प्रेम असलेल्या माणसांनी दोन मिनिटं वाचवायला केलेली होती. म्हणून हे लिहितोय.

डबक्याला वळसा

वाटेत डबकं दिसलं की नवखा चालक स्टिअरिंग वळवतो. बाजूचं गवत हिरवं आणि सुरक्षित वाटतं. त्याच्या चाकांनी तिथं चिखल होतो, म्हणून मागचा त्याच्याही बाहेरून जातो, त्याच्या मागचा आणखी बाहेरून. आठ फुटांची वाट एका मोसमात चाळीस फुटांची होते.

ही चूक मी स्वतः घडू दिली आहे. डोंगरमाथ्यावरच्या एका ओलसर कुरणातून जाणारी वाट होती. सात गाड्या, पुढे मी. दोन दिवस पाऊस पडून गेलेला. एका डबक्यापाशी मी थांबलो, पाणी गढूळ होतं, खोली कळेना. उतरून काठीनं मोजायला पाच मिनिटं लागली असती. मागून हॉर्न वाजायला लागले. मी डावीकडून गवतावरून गाडी काढली आणि बाकीच्यांनाही तिथूनच यायला हात केला. तिसरी गाडी त्याच गवतात दारापर्यंत रुतली. तिला काढायला पावणेदोन तास गेले, आणि तेवढ्या वेळात आम्ही ते कुरण पायांनी आणि चाकांनी तुडवून टाकलं.

ती का रुतली, हे नंतर नीट समजलं. जुन्या वाटेवरच्या डबक्याचा तळ वर्षानुवर्षं चाकांखाली दबून बहुधा घट्ट झालेला असतो. बाजूच्या मातीवर कधी वजन पडलेलंच नसतं. जी जागा सोपी दिसते तीच पोकळ असते.

पुढच्या मोसमात गेलो तेव्हा आमच्या वळशाच्या जागी पाच चाकोऱ्या होत्या. पाणथळ जमिनीत खोल चाकोरी पडली की ती चरासारखं काम करते. जे पाणी गवताच्या मुळाशी मुरून राहायचं ते चाकोरीतून वाहून जातं. खालच्या अंगाचं कुरण सुकायला लागलं होतं, आणि चाकोऱ्यांची टोकं ओघळ होऊन उतारावर फाटत गेली होती. त्याच्या पुढच्या वर्षी तिथं फाटक आलं. वाट बंद झाली. फाटक लावणाऱ्यांवर मी कधी रागावलो नाही, कारण पहिली चाकोरी माझी होती.

आता माझी सवय ठरलेली आहे. डबकं दिसलं की इंजिन बंद करतो, काठी घेऊन उतरतो. पाणी चाकाच्या मध्याच्या खाली आणि तळ कडक असेल तर लो रेंजमध्ये (वेग कमी, जोर जास्त देणारी गिअरची जोडणी), दुसऱ्या गिअरवर, सरळ मधून जातो. खोल असेल तर मागे फिरतो. तिसरा पर्याय ठेवत नाही.

पाऊस थांबला, चला निघूया

पाऊस थांबतो म्हणजे आकाश मोकळं होतं, जमीन नाही. ओल्या मातीवर वजन पडलं की कणांमधल्या हवेच्या पोकळ्या मिटतात. मग पाणी मुरत नाही, मुळं शिरत नाहीत, पुढचा पाऊस वरच्यावर माती घेऊन पळतो. यातला मोठा हिस्सा पहिल्या काही फेऱ्यांतच होऊन जातो, त्यामुळे ‘एकदाच तर जायचंय’ या युक्तिवादाला अर्थ नाही. मी वाटेच्या तोंडाशी बुटाची टाच जोर देऊन दाबतो. खड्डा पडून त्यात पाणी झिरपलं तर त्या दिवशीचा बेत रद्द. लोक नाराज होतात, सुट्टी वाया गेली म्हणतात. होऊ देत.

कोरड्या जागेचंही असंच. वाळवंट ओसाड दिसतं म्हणून तिथं वाटेल तसं फिरता येतं, हा समज मला सगळ्यात जास्त छळतो. अनेक वाळवंटांत मातीवर सूक्ष्म जीवाणू, दगडफूल आणि शेवाळ यांची पातळ साय असते. मातीला वाऱ्यापासून तीच धरून ठेवते. एका चाकाखाली ती चुरते आणि पूर्ववत व्हायला कित्येक दशकं जाऊ शकतात. अमेरिकी सैन्याचे जनरल पॅटन यांनी १९४२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात रणगाड्यांचं प्रशिक्षण केंद्र उभारलं. तिथले रणगाड्यांचे माग अजून दिसतात.

टायरमधली हवा तशीच ठेवणं

जमिनीवर पडणारा दाब साधारण टायरमधल्या हवेच्या दाबाइतकाच असतो. पस्तीस पीएसआयवर वाळूत शिरणारा माणूस चाक फिरवत बसतो, खड्डा खणतो, मग जास्त ॲक्सिलरेटर देतो. मी वाळूत अठराच्या आसपास उतरतो, दगडी वाटेवर पंचवीसच्या. टायरचा ठसा लांबतो, पकड वाढते, जमीन वाचते. डांबरावर परतण्याआधी हवा पुन्हा भरायची, म्हणून कॉम्प्रेसर कायम गाडीत. मोठे टायर आणि टपावरचे दिवे यांवर आधी खर्च करणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं: आधी प्रेशर गेज घ्या.

डिफ लॉक, म्हणजे एका आसाची दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरवणारी सोय, चाक जागच्या जागी फिरायला लागल्यावर लावायचा नसतो, अडथळ्याच्या आधी लावायचा. फिरणारं चाक वाट खणतं.

विंचची (रुतलेली गाडी ओढून काढणाऱ्या यंत्राची) दोरी थेट झाडाला कधीच गुंडाळू नका. सालीखालचा जिवंत थर सगळीकडून कापला गेला तर झाड उभ्या उभ्या मरतं. रुंद पट्टा वापरा.

ओढ्यात लांबीच्या दिशेनं गाडी चालवू नका. गाड्या पार होतात त्या ठरलेल्या जागेवरून आडवं जा आणि बाहेर या.

दुसऱ्या रानात जाण्याआधी गाडीचा तळ धुवा. चिखलातून तणाचं बी प्रवास करतं.

‘बंदचा फलक नव्हता’

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ऐकवत नाही. फलक नाही म्हणजे परवानगी आहे, असं होत नाही. अमेरिकेत सार्वजनिक जमिनीवरच्या या गाड्यांसाठी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७२ मध्ये आदेश काढला. माती, पाणी, झाडोरा, वन्यजीव आणि इतर लोक यांना कमीत कमी त्रास होईल अशा वाटा आखा, असं तो सांगतो. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यात जोर आणला: मोठं नुकसान दिसलं तर ती जागा ताबडतोब बंद करा. २००५ पासून तिथल्या वनखात्याचा नियम तर उलट्या बाजूनं वाचायचा आहे. नकाशावर खुली म्हणून दाखवली नसेल ती वाट बंदच. आइसलँडमध्ये रस्ता सोडून गाडी नेणं कायद्यानंच निषिद्ध आहे.

म्हणून कुणीतरी पाठवलेला जीपीएस ट्रॅक आंधळेपणानं घेऊ नका. तो माणूस तिथून गेला एवढंच त्यातून कळतं, त्यानं जायला हवं होतं की नाही ते कळत नाही. मी निघण्याच्या आठवड्यात संबंधित कार्यालयाला फोन करतो. विणीच्या हंगामाची बंदी बऱ्याचदा नकाशावर नसते, फोनवर कळते. अमेरिकेतल्या केप हॅटरसच्या समुद्रकिनाऱ्यावर २०१२ पासून गाडीला परवाना लागतो आणि कासवांच्या हंगामात रात्री गाडी चालवता येत नाही. याचं कारण वाळूत वाकून पाहिलं की समजतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू समुद्राकडे निघतं आणि चाकोरीत पडलं की त्याला तिच्या भिंती चढता येत नाहीत.

रुतलेली गाडी काढून निघून जाणं

गाडी निघाली की टाळ्या, फोटो, आणि खड्डा तिथंच. पुढची सर त्याच खड्ड्यातून वाट धरते. माझ्याकडे दोन फावडी असतात. माती परत ओढायची, पायानं दाबायची, उतारावर असेल तर पाण्याला बाजूला काढणारा तिरका बांध घालायचा. याला वीस मिनिटं लागतात. माझ्यासोबत येणाऱ्यांना ही वीस मिनिटं आदल्या दिवशीच सांगून ठेवतो, आणि फावडं आधी त्याच्या हातात देतो ज्याची गाडी रुतली होती.